वलसाड ते दमण : किनाऱ्यावर कुठे, कधी आणि काय खावं

बडोद्याहून दोन दिवस सुट्टी काढून समुद्र गाठायचा तर वलसाड ते दमण हा पट्टा सगळ्यात सोयीचा. रेल्वेने वलसाड सुमारे २०० किलोमीटर, वापी त्यापुढे पंचवीसेक. सकाळची गाडी धरली की दुपारचं पान किनाऱ्यावर पडतं. तरीही इथे खास खायला म्हणून गेलेली मंडळी पुष्कळदा हिरमुसून परततात, कारण चांगली वस्तू चुकीच्या गावात किंवा चुकीच्या वेळी मागतात. तिथलच्या किनाऱ्यावर पापलेट शोधतात, उदवाड्यात न कळवता जाऊन धनसाक मागतात, भर जुलैत दमणला ताजे बोंबील विचारतात. या किनाऱ्यावर पदार्थाचं गाव ठरलेलं आहे, ऋतू ठरलेला आहे, काही पदार्थांची तर घड्याळातली वेळसुद्धा. तेवढं सांभाळलंत तर दोन दिवसांत एकही जेवण वाया जाणार नाही.

एकच जेवण जेवायचं असेल तर ते उदवाड्यात जेवा, हे आधीच सांगून टाकतो. स्टेशनपासून गाव सात-आठ किलोमीटर आत आहे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या उदवाडा स्टेशनवर थांबत नाहीत, म्हणून वापी किंवा वलसाडला उतरून रिक्षा किंवा टॅक्सी करणं बरं. १७४२ पासून इराणशाह आतशबेहराम, म्हणजे पारशांचं सर्वात पवित्र अग्निमंदिर, इथे आहे. आत फक्त पारशी जाऊ शकतात, त्यामुळे दारापाशी गर्दी करू नये आणि फोटोसाठी हट्ट धरू नये. जेवणाचं तसं नाही. ग्लोब आणि आशिषवांग ही दोन जुनी नावं, शिवाय कॅफे फरोहर. या ठिकाणी पारशी नसलेल्यांनाही पानावर बसता येतं.

पण इथलं जेवण म्हणजे मेन्यूकार्ड बघून सांगायचं प्रकरण नाही. किती पानं होणार याचा अंदाज घेऊनच स्वयंपाक चढतो. म्हणून आदल्या दिवशी फोन करा आणि तीन गोष्टी नेमक्या सांगा : माणसं किती, त्यात मटण-मासे न खाणारी किती, आणि अंडंही न चालणारी किती. ही तिसरी गोष्ट सांगायची राहते आणि मग शेवटी घोटाळा होतो, कारण शेवटी गोड म्हणून येणाऱ्या लगननू कस्टर्डमध्ये अंडं असतंच. अंडं न खाणाऱ्यांसाठी सेव-दही होईल का ते त्याच फोनवर विचारून ठेवा. साडेबारा ते दीडच्या मध्ये पोहोचा. अडीचला गेलात तर मासा संपलेला असतो आणि भात गार झालेला. पारशी महिन्यातल्या आदर रोज आणि बेहराम रोज या दिवशी यात्रेकरूंची रीघ लागते. त्या दिवशी बाहेरच्यांनी न जाणंच चांगलं, कारण पहिला मान अर्थातच यात्रेकरूंचा.

मागायचं काय, तर आधी बोय. बडोद्यातल्या सीकेपी घरांना ही मासळी ओळखीची आहे. पारशांकडे ती शुभ मानतात आणि उदवाड्याच्या खाडीत ती मिळते. थंडीत गाभोळी भरलेली आली तर दुसरं काही मागवूच नका. बोय चिखलात चरते, त्यामुळे नीट साफ केली नाही तर मातकट वास मारते. पोटाच्या आतल्या बाजूला काळं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर असतं, ते मिठाने चोळून पूर्ण काढावं लागतं. ताटात तुकडा आला की पोटाकडची बाजू उलटून बघा. पांढरी स्वच्छ असेल तर स्वयंपाकघरात काम जाणणारं माणूस आहे. काळी रेघ राहिली असेल तर कितीही मसाला लावलेला असो, वास येणारच.

पात्रानी मच्छीची, म्हणजे केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या माशाची, परीक्षा पान उघडल्यावर लगेच होते. खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू यांची चटणी माशाला घट्ट चिकटून असली पाहिजे आणि पानात पाणी साचलेलं नसावं. पाणी साचलं म्हणजे मासा बर्फातला होता, वाफेवर त्याचं पाणी सुटलं आणि चटणी धुऊन निघाली. अडीचशे-तीनशे ग्रॅमचं पापलेट यासाठी उत्तम. त्याहून मोठं असलं तर बाहेरून शिजेपर्यंत काट्याजवळ कच्चं राहतं, नाहीतर काट्याजवळ शिजेपर्यंत बाहेरून कोरडं पडतं.

धनसाक रविवारी मिळण्याची शक्यता जास्त. तुरीची, मसुरीची, मुगाची डाळ, लाल भोपळा, वांगं, मेथी आणि मटण एकत्र शिजवून घोटलेलं, सोबत साखर जाळून रंग आणलेला तपकिरी भात आणि कचुंबर. पारशी घरात मयतानंतर चौथ्या दिवशी धनसाक करतात, म्हणून लग्न किंवा नवज्योत (आपल्या मुंजीसारखा पारशी संस्कार) अशा शुभ दिवशी तो होत नाही. त्या दिवशी पिवळं वरण, पांढरा भात आणि कोलंबीचा पातियो, म्हणजे धन-दार-पातियो. तुम्ही गेलात आणि धनसाक नाही म्हणाले, तर नाराज न होता पातियो घ्या. आंबट, गोड, तिखट तिन्ही चवी त्यात असतात आणि साध्या वरणभाताबरोबर तो धनसाकपेक्षा कितीतरी हलका जातो. सल्ली बोटी हा मटणाचा प्रकार मागवलात तर बटाट्याची सल्ली, म्हणजे तळलेल्या बारीक काड्या, वेगळ्या वाटीत मागा. मटणावर आधीच पसरून ठेवलेली सल्ली पाच मिनिटांत मऊ पडते आणि मजाच जाते.

जेवण झालं की गल्ल्यांत फिरा. हाताने फिरवलेल्या संच्यातल्या आइस्क्रीमची लारी दिसली की थांबा. उन्हाळ्यात आंबा, थंडीत सीताफळ. हे आइस्क्रीम कारखान्यातल्यापेक्षा लवकर वितळतं, कारण त्यात हवा कमी आणि बांधून ठेवणारे पदार्थ जवळजवळ नसतात. पार्सलच्या भानगडीत न पडता तिथेच संपवा. घरगुती पापड आणि लोणचीही घरांच्या ओट्यावर विकायला असतात.

‘दूधना पफ’ मात्र दुपारी विचारू नका. हा फक्त थंडीतला आणि फक्त पहाटेचा प्रकार. गोड दूध आटवून रात्री उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून वरचा फेस पेल्यात भरतात, वर जायफळ-वेलची. ऊन चढलं की फेस बसतो आणि खाली नुसतं गार दूध उरतं. म्हणजे ज्यांना तो प्यायचाय त्यांनी आदल्या रात्री उदवाड्यात मुक्काम करायला हवा. डिसेंबर-जानेवारीत एका पेल्यासाठी तो मुक्काम पदरमोड करूनही करावा असा आहे.

उदवाड्यानंतर मनापासून सुचवावं असं ठिकाण म्हणजे हॉटेल नव्हेच, तर महामार्गाच्या कडेला थंडीत उभे राहणारे उंबाडियूचे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालपापडी-कंदांचे, मांडव. वलसाडच्या आसपास, विशेषतः डुंगरीच्या बाजूला, संध्याकाळी मडकी रचलेली दिसतात. अलिबागकडची पोपटी खाल्लेल्यांना पद्धत कळेल, फक्त तिकडे भांबुर्डीचा पाला आणि इकडे कलार नि कंबोईचा. मडक्याला आतून पाला लावायचा, त्यात वालपापडी, लहान बटाटे, रताळी, कंद. सगळ्यांना हिरवी मिरची, आलं, ओला लसूण, ओवा आणि मिठाचं वाटण चोळलेलं. वरून पुन्हा पाला दाबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. पापडी स्वतःच्या ओलाव्यात शिजते, म्हणून पाल्याचा वास थेट दाण्यापर्यंत उतरतो.

चांगलं मडकं ओळखायला फार काही लागत नाही. विकणाऱ्याला विचारा, ‘माटलुं क्यारे उतार्युं?’, म्हणजे मडकं कधी उतरवलं. अर्ध्या तासाच्या आतलं असेल तर घ्या, नाहीतर पुढचं उतरेपर्यंत चहा प्या. पापडीची शीर सहज सुटली पाहिजे आणि दाणा बोटाने दाबला की पिठूळ झाला पाहिजे. शेंग चघळावी लागत असेल तर ती जून होती. वरून चमकत असेल तर शिजल्यावर तेल ओतलंय, बहुधा शिळं ताजं दिसावं म्हणून. वजनावर मिळतं. जेवणाऐवजी खाणार असाल तर माणशी पाव किलो पुरतं, सोबत हिरवी चटणी आणि ताक. बडोद्यापर्यंत न्यायचं झालं तर गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू देऊ नका. आत वाफ धरते, पापडी चिकट होते आणि घरी पोहोचेपर्यंत आंबूस वास येतो. घरून स्टीलचा डबा न्या, थोडा वेळ उघडा ठेवा, मग झाकण लावा. याच दिवसांत पहाटे नीराही मिळते. चुना लावलेल्या मडक्यात रात्रभर जमा झालेला रस सकाळी लवकर, अधिकृत केंद्रावरच प्यावा. ऊन लागलं की तो आंबायला लागतो, आणि बाटलीत भरून गाडीत ठेवायची वस्तू ती नव्हेच.

दमणबद्दल मत थोडं वेगळं. मासे तिथे मुबलक, पण बरीच ठिकाणं मुळात बार, आणि जेवण जोडीला. शनिवार-रविवारी सुरत-वापीकडून लोंढा येतो, तेव्हा स्वयंपाकघर एकाच लाल ग्रेव्हीत सगळे मासे बुडवून मोकळं होतं. मुलंबाळं बरोबर असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी साडेबाराला जा. नानी दमणच्या समुद्राकडच्या रस्त्यावरचं गुरुकृपा जुनं आणि नाव असलेलं. अशा ठिकाणी ग्रेव्हीच्या वाटेला न जाता तंदुरी पापलेट, तव्यावरची सुरमई किंवा बोंबील मागावेत, कारण कोरड्या पदार्थात माशाचा ताजेपणा लपत नाही. ‘साइजप्रमाणे भाव’ असं लिहिलेलं असेल तर ऑर्डर देण्याआधी कच्चा मासा टेबलाशी मागवा, वजन आणि भाव दोन्ही विचारा. डोळा फुगीर व स्वच्छ, कल्ला लाल, आणि बोटाने दाबलेली जागा पुन्हा वर आली पाहिजे. एवढं विचारल्यावर ज्यांच्या कपाळाला आठी पडते तिथून उठून यावं.

ताजा बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच. तो चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून मगच रवा लावला तर कुरकुरीत होतो. घाईत ही पायरी गाळली की बाहेर जाड कवच आणि आत लगदा. जंपोरच्या किनाऱ्यावर टपऱ्यांवर तळलेले मासे मिळतात. तेल काळपट दिसलं तर पुढे चला.

आणि महिना बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, गुजरातेत ती अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत लांबवतात. त्या काळातलं पापलेट शीतगृहातलं. पावसाळ्यात जायचंच असेल तर खाडीची मासळी विचारा, बोय किंवा निवट्या. निवट्यांना तिकडे लेवटी म्हणतात. पक्के शाकाहारी असाल तर दमणमध्ये तवा वेगळा आहे का ते स्पष्ट विचारलेलं बरं, बहुतेक ठिकाणी नसतो. आणि दमणमध्ये दारू खुली असली तरी गुजरातेत दारूबंदी आहे. हद्दीवर गाड्या तपासतात, परतताना सामानात बाटली ठेवू नका.

तिथल हे जेवायचं ठिकाण नाही. वलसाडपासून पाचेक किलोमीटर, काळी वाळू, संध्याकाळी मोकळं वारं आणि लाऱ्यांवर भजी, दाळवडे, भाजलेली कणसं. पावसात एवढंच पुरे. उन्हाळ्यात गलेली, म्हणजे आपले ताडगोळे, साल हाताने सहज निघेल असे कोवळे निवडून घ्या. जेवायला वलसाड गावात परत या. तिकडे नवसारीजवळ दांडीलाही हेच. १९३० च्या सत्याग्रहाचं स्मारक जरूर बघा, डबा मात्र बरोबर असू द्या.

परतीच्या वाटेवर नवसारीला उतरायला जमलं तर कोलाहचं दुकान गाठा. १८८५ पासूनचं हे नाव. उसाचा सरको (व्हिनेगर), लगननू अचार (गाजराचं गोड लोणचं), गाभोळीचं लोणचं आणि सुक्या बोंबलांचा तारापोरी पातियो या चार बाटल्या घ्याव्यात. पातियोला आधीच मीठ-सरको भरपूर असतो, त्यामुळे वरणभाताबरोबर माणशी एक चमचा बास. बाटलीत ओला चमचा घालू नका. सरको कोलंबीच्या कालवणात चिंचेऐवजी वापरायचा तर चार माणसांना एक मोठा चमचा, तोही गॅस बंद करण्याआधी दोन मिनिटं. आधी घातला तर आंबटपणा उडून जातो. बाटल्या गाडीत उभ्या ठेवा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट फिरवा. आडव्या ठेवलेल्या बाटलीतून तेल झिरपतं आणि सुक्या बोंबलांचा वास बॅगेतल्या कपड्यांतून धुऊनही लवकर जात नाही.