रुग्णाच्या घरच्या अडचणी नोंदवणारे ॲप : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पश्चिम महाराष्ट्रातील एका धर्मादाय रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. गेल्या ऑक्टोबरपासून आमच्या विभागात टॅबलेटवर चालणारे एक ॲप वापरात आहे. रुग्णाच्या खाण्याची, राहण्याची, कामाची आणि येण्याजाण्याच्या खर्चाची माहिती त्यात भरली की लागू पडणाऱ्या सरकारी योजना आणि त्यांना लागणारी कागदपत्रे समोर येतात व ठरावीक दिवसांनी पाठपुराव्याची आठवण होते. पूर्वी हे सगळे माझ्या वहीत असे आणि मी रजेवर गेले की वहीबरोबर पाठपुरावाही कपाटात बंद होई. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी आम्ही हे ॲप सर्वांत जास्त वापरले, म्हणून त्याच अनुभवाविषयी लिहिते.

क्षयरोगात घरची चौकशी हा उपचाराचाच भाग आहे. झारखंडमधील 'रेशन्स' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाबरोबरच घरातील इतरांनाही दरमहा धान्य मिळाले, त्या कुटुंबांत क्षयरोगाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका निम्म्याहूनही खाली आला. क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत असत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मोफत आहे. म्हणजे तरतूद आहे. ती त्या माणसाच्या ताटापर्यंत पोहोचली की नाही, हे बघायला कोणीतरी लागते. ॲपची परीक्षा मी याच कसोटीवर केली.

प्रश्नावलीबद्दल मी समाधानी आहे. "घरी पोटभर मिळते का?" असे विचारले तर आमच्याकडचे जवळजवळ प्रत्येक माणूस "हो" म्हणते, कारण नाही म्हणण्यात घराची अब्रू जाते. ॲपमध्ये आपले प्रश्न घालता येतात, म्हणून आम्ही तो प्रश्न काढून "काल रात्री चुलीवर काय केले होते आणि कोणी काय खाल्ले?" असा घातला. डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेली एक बाई समोर बसली होती; वजन ३६ किलो. तिने उत्तर दिले, "भाकरी आन् चटणी, ताई. डाळ पोरांना दिली." त्या एका वाक्यातून मला जे कळले, ते रक्ताच्या कोणत्याही तपासणीत कळले नसते.

याच बाईच्या बाबतीत ॲपच्या सगळ्या उणिवा उघड्या पडल्या. त्यात पत्त्याला एकच जागा आहे. तिचे घर गावाकडे आणि मुक्काम कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत. आधार कार्डावरचा पत्ता भरल्यामुळे ॲपने तिला शेकडो किलोमीटर दूरचे गावचे रेशन दुकान सुचवले. वास्तविक शिधापत्रिकेच्या पोर्टेबिलिटीमुळे कुटुंबातील कोणीही सदस्य जवळच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो आणि उरलेले गावी सासूसासऱ्यांना मिळू शकते. हे मला ठाऊक होते म्हणून मी तिच्या नवऱ्याला घेऊन दुकानात गेले. माझ्या जागी नवीन मुलगी असती, तर तिने पडद्यावर दिसले तेच सांगितले असते.

दुसरी चूक गंभीर होती. त्या जोडप्याकडे स्वतःचा चालू फोन नव्हता, म्हणून त्यांनी मुकादमाचा, म्हणजे ऊसतोड टोळीच्या प्रमुखाचा, क्रमांक दिला, आणि ॲपने त्यावर क्षयरोगाच्या उपचाराची आठवण करणारा संदेश रोगाच्या नावासकट पाठवला. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या कोयत्याला (ऊसतोडीच्या जोडप्याला कोयता म्हणतात) अर्ध्या हंगामात काम सोडता येत नाही आणि आजारी कोयता मुकादमाला नको असतो. पुढचे दोन दिवस ती बाई आली नाही. तिसऱ्या दिवशी मी कोपीवर गेले, तेव्हा तिने गोळ्यांचे पाकीट पिठाच्या डब्यात लपवले होते. मुकादमाची समजूत डॉक्टरांनी घातली. नियमित औषध सुरू झाले की संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो, हे त्यांनी त्याला नीट पटवले. आम्ही तक्रार केल्यावर संदेशातून रोगाचे नाव वगळले गेले. पण दिलेला फोन कोणाचा आहे, हे विचारणारा रकाना अजूनही नाही, आणि तो नसणे मला मान्य नाही.

ॲपमधील एका साध्या गोष्टीसाठी मात्र मी त्याची शिफारस करीन. अर्ज मंजूर झाला तरी प्रकरण बंद होत नाही, "हातात मिळाले का?" या प्रश्नाला रुग्णाकडून उत्तर आल्यावरच ते बंद करता येते. सरकारी नोंदीत या बाईचे पोषण योजनेचे ३,००० रुपये जमा दिसत होते, आणि माझ्या जुन्या वहीत मी तिथेच बरोबरची खूण करून मोकळी झाले असते. ॲपने आठवण केली म्हणून मी तिला पुन्हा विचारले, तेव्हा समजले की पैसे आधारशी जोडलेल्या एका जुन्या खात्यात गेले होते आणि त्याचे पासबुक गावी पेटीत होते. ते काढून आणायला १९ दिवस लागले. दोन महिन्यांनी तिचे वजन ३८.४ किलो भरले.

बाकीचे थोडक्यात. क्षयरुग्णांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलशी हे ॲप जोडलेले नाही, त्यामुळे तीच माहिती दोनदा भरावी लागते आणि दिवसाचा तासभर त्यात जातो. मराठी भाषांतर बरे आहे. नेटवर्क नसले तरी नोंद साठते, याचा कोपीवर फार उपयोग झाला.

ती बाई एप्रिलमध्ये गावी परतली आणि तिचा पुढचा उपचार तिकडच्या केंद्राकडे सोपवला गेला. आमच्या ॲपमध्ये तिचे प्रकरण "संपर्क नाही" या शेऱ्याखाली बंद झाले, कारण स्थलांतर हा पर्यायच त्यात नाही. मी जूनमध्ये तिच्या गावच्या आशाताईंना फोन केला. सहा महिन्यांचा उपचार तिने पुरा केला होता.

ॲपचे वार्षिक नूतनीकरण सप्टेंबरमध्ये आहे. दोन पत्ते, फोन कोणाचा याची नोंद आणि स्थलांतराचा पर्याय या तीन दुरुस्त्या त्याआधी मिळाव्यात, असे मी लेखी कळवले आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस टोळ्या पुन्हा येऊ लागतील.