भूल परिचारिका अभ्यासक्रमासाठी प्रवेश मार्गदर्शन : नाशिकमधील एका केंद्राचे परीक्षण

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या पट्ट्यात परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणारी बरीच केंद्रे आहेत. त्यांपैकी एका केंद्रात अमेरिकेतील भूल परिचारिका (शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला भूल देणारी परिचारिका) अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी परिचारिकांना स्वतंत्र सेवा दिली जाते. त्या सेवेचा मी घेतलेला अनुभव येथे मांडत आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला नोंदवायचे आहे ते कामाच्या पद्धतीविषयी आहे आणि अशा सेवेची चौकशी करणाऱ्या कोणत्याही सिस्टरला ते उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे.

मी बी.एस्सी. नर्सिंग केले असून येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभे राहून रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि शुद्ध सांभाळण्याचे काम आपण करावे, असे मला फार वाटते. आपल्याकडे हे काम एम.डी., डी.ए. किंवा डी.एन.बी. झालेले भूलतज्ज्ञ डॉक्टर करतात आणि परिचारिकेला स्वतंत्रपणे भूल देता येत नाही. अमेरिकेत मात्र परिचारिका एकोणिसाव्या शतकापासून भूल देत आल्या आहेत आणि त्यांची राष्ट्रीय संघटना १९३१ साली स्थापन झालेली आहे. तेथे या कामाला वेगळे शिक्षण, वेगळी परीक्षा आणि मोठी जबाबदारी आहे, म्हणूनच त्या वाटेची नीट चौकशी करावी असे मी ठरवले.

या केंद्राचे सर्वांत चांगले काम कागदपत्रांचे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे, पण शहरात असूनही ट्रान्स्क्रिप्टचे, म्हणजे सर्व विषय व गुणांच्या अधिकृत तपशिलाचे, काम किती कटकटीचे होऊ शकते, हे ज्यांनी केले आहे त्यांना माहीत असेल. गुणपत्रकावरील नाव, लग्नानंतरचे नाव आणि पासपोर्टवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे परदेशी पदवीचे मूल्यमापन करणारी संस्था अडून बसते. केंद्रातील ताईंनी माझी सर्व कागदपत्रे टेबलावर ओळीने मांडली, प्रत्येकावरचे नाव पेन्सिलने अधोरेखित केले आणि फरक कोठे आहे ते दाखवून आधी प्रतिज्ञापत्र, मग ट्रान्स्क्रिप्ट असा क्रम लावून दिला. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीची पडताळणी परस्पर कशी पाठवली जाते, बंद लिफाफा विद्यार्थिनीने का उघडायचा नसतो, हेही त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती अभ्यासक्रमाविषयीची. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे प्रवेशासाठी रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय स्वतंत्रपणे झालेले असावेत, अशी अट घालतात. मी ज्या अभ्यासक्रमाने शिकले त्यात मात्र जैवरसायनशास्त्र पोषणशास्त्राबरोबर आणि संख्याशास्त्र परिचर्या संशोधनाबरोबर जोडलेले होते. नुसते गुणपत्रक पाठवले तर हे विषय मोजले न जाण्याची शक्यता असते, म्हणून त्यांनी तासांच्या तपशिलासह अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत जोडायला लावली. ही सूचना मला इतर कोणीही केली नव्हती.

मुलाखतीची तयारीही मनापासून करून घेतली जाते. सरावासाठी येणाऱ्या मॅडम स्वतः अतिदक्षता विभागात काम केलेल्या आहेत, त्यामुळे 'तुमची बलस्थाने सांगा' अशा प्रश्नांत त्या वेळ घालवत नाहीत. सेप्टिक शॉकमधील, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णाला रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढवत नेऊनही सरासरी धमनी दाब ६५ च्या वर जात नाही, तर पुढे काय, असे त्यांनी मला विचारले. व्हॅसोप्रेसिन हे दुसरे औषध जोडतात, असे मी सांगितल्यावर त्यांनी लगेच 'का' असे विचारले आणि ते औषध वेगळ्या रिसेप्टरवर (पेशीवरील ज्या जागी औषध चिकटून परिणाम करते त्या जागेवर) काम करत असल्याने नॉरअ‍ॅड्रेनालिनची मात्रा आणखी चढवत न नेता दाब राखता येतो, येथपर्यंत उत्तर येईतो मला सोडले नाही. आपल्या विभागांत डॉक्टरांचा आदेश आला की आपण इन्फ्युजन पंप लावतो आणि तो अचूक लावतो. पण तो का लावला हे नेमके सांगता येणे, हीच या अभ्यासक्रमाच्या मुलाखतीतली मुख्य परीक्षा असते. या सरावाबद्दल मी केंद्राला पूर्ण गुण देईन.

आता ज्या बाबीवर माझा ठाम आक्षेप आहे, ती सांगते. केंद्राच्या माहितीपत्रकावर 'आयसीयूचा अनुभव असलेल्या परिचारिकांना थेट अर्जाची संधी' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. हे बरोबर नाही. अमेरिकेत या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेच्या अटींनुसार उमेदवाराकडे तेथील नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना आणि अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव असावा लागतो, आणि तो अनुभव अमेरिकेत, तिच्या अखत्यारीतील प्रदेशांत किंवा परदेशातील अमेरिकी लष्करी रुग्णालयात घेतलेला असावा लागतो. म्हणजे नाशिकच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरचे कितीही रुग्ण सांभाळले, तरी त्या अनुभवाने ही अट पूर्ण होत नाही. मी हा नियम आधीच वाचलेला असल्याने पहिल्या भेटीतच त्याविषयी विचारले, तेव्हा समुपदेशकांनी 'ते विद्यापीठागणिक बदलते' असे उत्तर दिले. विद्यापीठागणिक बदलते ती वाढीव अपेक्षा; कोणी दोन वर्षांचा अनुभव मागते, कोणी सीसीआरएन हे अतिदक्षता परिचर्येचे प्रमाणपत्र मागते, कोणी भूल परिचारिकेबरोबर काही काळ राहून काम पाहिल्याचा पुरावा मागते. किमान अट कोठेही बदलत नाही. वरिष्ठांनी पुढच्या बैठकीत हे मान्य केले, पण माहितीपत्रक तसेच राहिले.

त्याच पत्रकावर हा अभ्यासक्रम 'दोन वर्षांची मास्टर्स पदवी' असल्याचे लिहिले आहे, तेही जुने झाले आहे. १ जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेट पातळीच्याच अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो, त्याचा कालावधी किमान ३६ महिन्यांचा असतो आणि त्यात किमान ६०० रुग्णांना भूल देण्याचा व २,००० तासांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव पूर्ण करावा लागतो. या काळात नोकरी करणे जवळपास अशक्य असते, तेव्हा घरच्यांनी कर्जाचा हिशेब दोन वर्षांवर मांडला तर तो पहिल्यापासूनच चुकतो.

खरा क्रम असा आहे की आधी एनसीएलईएक्स-आरएन ही अमेरिकेतील परिचारिका परवान्याची परीक्षा द्यायची, एखाद्या राज्याचा परवाना मिळवायचा, व्हिसास्क्रीन (परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांना व्हिसासाठी लागणारे पात्रता पडताळणीचे) प्रमाणपत्र घ्यायचे, नोकरीच्या व्हिसावर तेथे जायचे, आयसीयूत काम करायचे आणि मग भूल अभ्यासक्रमाचा अर्ज भरायचा. यातला व्हिसाचा टप्पा सर्वांत कठीण आहे, कारण परिचारिका नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य देणाऱ्या ज्या ईबी-३ गटात मोडतात, त्यात भारतीयांची रांग दहा वर्षांहून अधिक मागे आहे. काही विद्यापीठे तर नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत. नोकरी सोडण्याचा किंवा दागिने मोडण्याचा विचार करणाऱ्या मुलीला हे पहिल्या दिवशी कळले पाहिजे. ज्या मुली रात्रपाळी संपवून, त्याच गणवेशात चौकशीला येतात, त्यांच्यापासून ही माहिती दूर ठेवणे मला अजिबात मान्य नाही.

एनसीएलईएक्सची शिकवणी साधारण आहे. प्रश्नसंच चांगले आहेत, पण तुकडी मोठी असल्याने शंका विचारायला वेळ उरत नाही. परीक्षेचे मूळ शुल्क २०० डॉलर असून भारतातून परीक्षा देणाऱ्यांना आणखी १५० डॉलर आणि कर भरावे लागतात. ही रक्कम केंद्राच्या शुल्कात धरलेली नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, याची नोंद करते.

ज्यांना अमेरिकेत परिचारिका म्हणून जायचेच आहे आणि भूल अभ्यासक्रम हे त्यानंतरचे ध्येय आहे, त्यांनी या केंद्राची कागदपत्रांची सेवा जरूर घ्यावी. मीही तेवढीच घेतली आणि ती चोख मिळाली. ज्यांना भारतात राहूनच अतिदक्षता क्षेत्रात पुढे जायचे आहे, त्यांनी भारतीय परिचर्या परिषदेच्या 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करावी. केंद्रात त्याचा उल्लेखही होत नाही, आणि त्यात त्यांना शुल्क मिळण्यासारखे काही नाही, हे कारण उघड आहे.

'संपूर्ण भूल प्रवेश' या नावाने विकले जाणारे एकत्रित पॅकेज मात्र आज घेऊ नये. त्यातील विद्यापीठ निवड आणि अर्ज भरणे हे टप्पे इथल्या परिचारिकेच्या वाट्याला यायला अनेक वर्षे लागतील आणि तोवर अटी, शुल्क व परीक्षा यांत काय बदल होईल, हे केंद्रही सांगू शकत नाही. शुल्क टप्प्याटप्प्याने भरण्याची सोय आहे, पण ती आपणहून सांगितली जात नाही, मागावी लागते. पावतीवर कोणत्या टप्प्याचे पैसे भरले आणि काम न झाल्यास त्यातले किती परत मिळतील, हे सही-शिक्क्यासह लिहून घ्यावे. मी मागितल्यावर त्यांनी ते कुरकुर न करता लिहून दिले.