कोपऱ्यात "व्हायरस सापडला" आलं की आधी हे वाचा, आमच्या मामांचे पैसे यातच गेले

सरळ मुद्द्यावर येतो. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जी पट्टी टुणकन वर येते ना, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले, ताबडतोब स्कॅन करा" वगैरे, ती बहुतेक वेळा कुठल्याही अँटिव्हायरसची नसते आणि मशीनमध्ये खरंच काही घुसलेलं असेलच असंही नाही. ती ब्राउझरची, म्हणजे आपण नेट ज्यात उघडतो त्या क्रोम-फायरफॉक्सची, नोटिफिकेशन असते. कुठल्यातरी फालतू साइटला कधीतरी परवानगी दिली गेलेली असते आणि ती साइट त्या परवानगीवर दिवसरात्र जाहिराती पाठवत राहते, बास एवढंच. हे माहीत नसल्यामुळे आमच्या मामांना व्यवस्थित गंडा बसला, पैसे गेले ते गेलेच वर लॅपटॉपमध्ये आधी नव्हती ती घाणही येऊन बसली. नंतर साफसफाई माझ्याकडे आली म्हणून मला हा सगळा प्रकार शेवटाकडून सुरुवातीकडे कळत गेला. लांबण लागेल पण वाचा, आणि घरातल्या मोठ्या माणसांना तर बसवून वाचून दाखवा.

सुरुवात झाली प्रिंटरच्या ड्रायव्हरपासून, म्हणजे प्रिंटर चालायला लागतं त्या सॉफ्टवेअरपासून. मामांनी सर्चमध्ये प्रिंटरचं नाव टाकलं आणि सगळ्यात वरची लिंक उघडली. वरची लिंक बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, कंपनीची खरी साइट त्याच्या खाली कुठेतरी. त्या पानावर मोठ्ठा बाण आणि "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा". आता हे नीट समजून घ्या कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. ती छोटी खिडकी, जिच्यावर अलाऊ आणि ब्लॉक अशी दोन बटणं असतात, ती ब्राउझरची स्वतःची असते आणि तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही साइट तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू इच्छिते. रोबोटबिबोट तिथे काही नसतं. रोबोटची गोष्ट खालच्या पानावर लिहिलेली असते, ती त्या साइटवाल्याने लिहिलेली, आणि बाण दाखवतो वरच्या खिडकीकडे. खऱ्या रोबोट-चाचणीत चित्रं निवडा, चौकोनात टिक करा असलं काहीतरी असतं, तिला नोटिफिकेशनची परवानगी कधीच लागत नाही. मामांना ड्रायव्हर हवा होता, त्यांनी दाबलं अलाऊ. एकदा ते दाबलं की मग तो टॅब बंद करा, लॅपटॉप बंद करून परत चालू करा, ब्राउझर सुरू असेल तोवर पट्ट्या येतच राहतात.

त्यातली एक पट्टी मी नंतर नीट बघितली. वर एका नामांकित अँटिव्हायरसचा लोगो, ठळक अक्षरात "तुमचं सबस्क्रिप्शन आज संपत आहे", खाली लाल रंगाचं धोक्याचं चिन्ह. आणि सगळ्यात बारीक, करड्या अक्षरात, ब्राउझरचं नाव आणि पुढे साइटचा पत्ता, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांची एक रांग. खरं काय ते त्या करड्या ओळीत लिहिलेलं होतं. बाकी लोगो, चिन्ह, मजकूर, सगळं पाठवणाऱ्याने आपल्या मनाने टाकलेलं, कोणीही कोणाचाही लोगो लावू शकतो तिथे. पण चष्मा नाकावर आणि मनात धास्ती असताना ती करडी ओळ कोण वाचतंय.

एक दिवस मामांनी त्यातल्या एका पट्टीवर क्लिक केलं आणि मग पूर्ण स्क्रीनभर निळं पान उघडलं, भोंग्यासारखा आवाज, एक बाई बोलतेय की कॉम्प्युटर बंद करू नका नाहीतर सगळा डेटा जाईल, उलटा पळणारा टायमर, आणि मधोमध फोन नंबर. बंद करायची फुलीच दिसेना. दिसणार कशी, ते फक्त एक वेबपेज होतं, फुलस्क्रीन केलेलं, त्यामुळे टॅब आणि फुली झाकली गेली होती. अशा वेळी एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं. नाही जमलं तर आल्ट आणि एफ फोर, तेही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझरच बंद करून टाकायचा. परत उघडल्यावर तो विचारेल जुनी पानं पुन्हा उघडू का, तिथे नाही म्हणायचं, हो म्हणलात तर तोच भोंगा परत सुरू. आणि एक गोष्ट पक्की, मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलंय की त्यांच्या एरर किंवा धोक्याच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजायचं, बनाव आहे.

मामांनी तो नंबर लावला. पलीकडचा माणूस म्हणे इतका सभ्य, इतका शांत, "सर घाबरू नका, तुम्ही अगदी वेळेवर फोन केलात". मग त्याने दुरून स्क्रीन बघता येते ते सॉफ्टवेअर डाऊनलोड करायला लावलं, स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवायला लावला आणि झालं, लॅपटॉप त्याच्या हातात. ते सॉफ्टवेअर वाईट नसतं हां, ऑफिसमधली आयटीवाली मंडळी तेच वापरतात. पण तो आकडा अनोळखी माणसाला सांगणं म्हणजे घराची किल्ली देण्यासारखंच आहे.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त चीड आणणारा. त्याने विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर नावाचं काहीतरी उघडलं. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी असते, एरर, वॉर्निंग, एरर. "सर हे बघा, हे सगळे हॅकर तुमच्या मशीनमध्ये बसलेत." अहो, ती यादी प्रत्येक विंडोज मशीनमध्ये असते! कुठली सर्व्हिस सुरू व्हायला उशीर झाला, कुठलं ॲप अपडेट होता होता थांबलं, त्याची ती नोंदवही. अगदी नवीन, आज खोक्यातून काढलेल्या लॅपटॉपमध्ये बघा, तिथेही लाल खुणा सापडतील. मग त्याने काळी खिडकी उघडून एक कमांड मारली, फोल्डरांची नावं भराभर सरकत गेली (ती कमांड फक्त फोल्डर दाखवते, बाकी काही करत नाही) आणि शेवटी "सिक्युरिटी संपली" असं इंग्रजीत आलं. ते आपोआप नाही आलं, नावं सरकत असताना त्याने स्वतः टाईप करून ठेवलं होतं. मामा सांगतात, तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला होता.

मग आलं "लाइफटाइम प्रोटेक्शन". कार्डाने पैसे भरले. आणि गंमत बघा, पट्ट्या यायच्या खरंच थांबल्या! म्हणून तर मामा कितीतरी दिवस कोणाला काही बोलले नाहीत, त्यांच्या मते काम झालं होतं, पैसे वसूल होते. त्या माणसाने केलं काय होतं, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढून टाकली होती. मिनिटभराचं काम. दुखणं देणारे आणि औषध विकणारे एकमेकांना सामील, अशांच्या तावडीत सापडलं की असंच होतं.

तीच सेटिंग तुम्ही स्वतः करा, फुकट आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी असलेल्या साइट्सची यादी दिसेल, जे ओळखीचं नाही ते उडवा. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्स आहे, आणि नवीन साइट्सनी विचारूच नये अशी टिकही तिथे आहे. माझं मत विचाराल तर घरातल्या ज्येष्ठांच्या मशीनवर ती करूनच टाका, त्यांना कुठल्या बातमीच्या साइटची नोटिफिकेशन नाही आली म्हणून काही बिघडत नाही.

मामांचं बिंग फुटलं ते वेगळ्याच कारणाने. काही काळाने कार्डातून परत पैसे गेले, "लाइफटाइम"चं म्हणे नूतनीकरण. तेव्हा मामीने मला फोन केला, "अरे जरा येऊन बघ, हे काहीतरी लपवतायत."

मी आधी नेट बंद केलं, मग ते दुरून बघायचं सॉफ्टवेअर काढलं, ते अजून तसंच होतं आणि लॅपटॉप सुरू झाला की आपोआप चालू होत होतं, म्हणजे तो पाहिजे तेव्हा आत येऊ शकत होता. मामांना लगेच बँकेला फोन करायला लावला, कार्ड ब्लॉक आणि व्यवहाराची तक्रार. पासवर्ड बदलले ते माझ्या फोनवरून, त्या लॅपटॉपवरून नाही, कारण तो साफ झालाय याची खात्री नव्हती. हा क्रम लक्षात ठेवा, आधी नेट, मग बँक, मग पासवर्ड, साफसफाई सगळ्यात शेवटी.

साफसफाईत अर्धा दिवस गेला. त्या माणसाने टाकलेल्या "प्रोटेक्शन"बरोबर खरंखुरं ॲडवेअर, म्हणजे जबरदस्तीने जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर, आलं होतं. काहीही शोधलं की आधी भलत्याच सर्च पानावर जाऊन मग रिझल्ट यायचे. होमपेज बदललं तरी परत तेच, कारण डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटमध्येच पत्ता चिकटवला होता. शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटच्या शेवटी बघा, ब्राउझरच्या फाईलच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता असेल तर तो पुसा. एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) तर निघेचना, "तुमच्या संस्थेने टाकलंय" असं म्हणत होतं. घरच्या लॅपटॉपला कसली आलीय संस्था! ॲडवेअर विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवल्या जातात तिथे) पॉलिसी म्हणून, म्हणजे ऑफिसने घालून दिलेला नियम असल्यासारखं, स्वतःला लावून घेतं, म्हणून काढायचं बटणच गायब होतं. ती पॉलिसी काढली, मग ॲडवक्लीनर हे ॲडवेअर काढायचं सॉफ्टवेअर चालवलं (मालवेअरबाइट्स कंपनीचं आहे, फुकट आहे, घ्यायचं ते त्यांच्याच साइटवरून), ब्राउझर रिसेट केला. दुसरं एक एक्स्टेन्शन काढलं तर संध्याकाळी परत हजर, कारण सिंक (एकाच खात्यावरचे सगळे ब्राउझर सारखे ठेवणारी सोय) चालू होतं आणि मामांच्या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरमधून ते परत येत होतं. म्हणजे दोन्हीकडून काढावं लागतं.

आणि हो, ॲडवेअरचं नाव टाकून "कसं काढायचं" शोधलंत तर तिथेही जपून. वरवर मदत करणारे लेख, पहिल्या चार ओळी बरोबर, आणि मग "आमचा स्कॅनर डाऊनलोड करा". स्कॅन फुकट, सापडलेलं काढायला पैसे.

मामांना सगळ्यात जास्त लागलं ते हे की आपण मूर्ख ठरलो. मी त्यांना सांगितलं, मामा, हा धंदा जुना आहे आणि यात शहाणी माणसं फसतात. खोटे स्कॅन दाखवून 10 लाखांहून जास्त लोकांना विनफिक्सरसारखी बनावट सुरक्षा सॉफ्टवेअर विकली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) 2008 मध्ये केस केली होती. 2019 मध्ये तर तिथल्या ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीला आणि तिला स्कॅनचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमला मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. आरोप काय, तर स्कॅन सुरू करताना गिऱ्हाइकाला विचारायचे की पॉप-अप (आपोआप उघडणाऱ्या खिडक्या) येतात का, मशीन हळू झालंय का, आणि एकाला जरी हो म्हणलं तरी मालवेअरची (घातक सॉफ्टवेअरची) लक्षणं सापडली असं दाखवायचे, स्कॅनमध्ये काही निघो न निघो. मामा म्हणाले, "म्हणजे चांगल्या दुकानात गेलो असतो तरी तेच?" मला उत्तर सुचलं नाही.

(पॉप-अप उघडायचा कोड पहिल्यांदा लिहिणाऱ्यांपैकी एक, ईथन झुकरमन, यांनी 2014 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. ती वाचून माझा राग काही कमी झाला नाही.)

एवढ्यावर संपलं नाही. नंतर फोन आला की ती कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, जरा लॅपटॉप चालू करा. एकदा पैसे दिलेल्यांच्या नंबरांची यादी अशा लोकांकडे फिरत असते. यात ते तुम्हाला बँकेचं पान उघडायला लावतात, स्क्रीन काळी करतात, आणि पानावरचा आकडा फक्त दिसण्यापुरता बदलून म्हणतात की अहो चुकून जास्त गेले, फरक परत पाठवा, गिफ्ट कार्डाने. खात्यात खरं तर काहीच आलेलं नसतं. मामांनी या वेळी फोन मामींकडे दिला, आणि मामींनी पुढे जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोनवर हाच त्रास असेल तर अँड्रॉइडवर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, यादी तीच. ब्राउझर बंद असतानाही पूर्ण स्क्रीनवर जाहिरात येत असेल तर ते एखाद्या ॲपचं काम, तेव्हा "इतर ॲप्सवर दाखवा" ही परवानगी कोणाकोणाला दिलीय ते बघा, तिथे एखादं टॉर्च किंवा क्लीनर ॲप सापडलं तर ते आधी काढा.