२०० अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: आठ महिन्यांचा अनुभव, आणि त्यातील निम्मा ‘अर्थ क्लॅम्प’चा

ट्रेलरच्या डाव्या चाकातून घरघर येऊ लागली, तेव्हा तिचा संबंध वेल्डिंग मशीनशी असेल असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. चाक उतरवून, हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) उघडून त्या आवाजाचा माग काढत मी शेवटी ज्या वस्तूपाशी येऊन थांबलो, ती वस्तू मशीनच्या खोक्यात मशीनसोबतच आली होती. त्यामुळे हा अभिप्राय मशीनचा असला, तरी त्यातील बराचसा मजकूर ‘अर्थ क्लॅम्प’विषयी, म्हणजे परतीची केबल कामाच्या लोखंडाला पकडून ठेवणाऱ्या चिमट्याविषयी आहे.

मशीन एक-फेजचे, रॉडने वेल्डिंग करण्याचे नेहमीचे इन्व्हर्टर आहे. वैशिष्ट्यांची यादी सर्वांना ठाऊक असल्याने ती येथे देत नाही. मशीन, ५ केव्हीएचा जनरेटर, केबल, ग्राइंडर आणि रॉडचे डबे एकाच ट्रेलरवर ठेवून काम असेल तेथे न्यावेत, असा माझा बेत होता आणि तो ट्रेलर याच मशीनवर स्वतः करावा, असा हट्ट होता. वेल्डिंग हाती घेऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. ओढदांडा आणि हुकाचा पाया यांचे जोड मात्र मी अनुभवी वेल्डरकडून करून घेतले, कारण तेथील जोड तुटला तर नुकसान माझ्या एकट्याचे होणार नाही. बाकीचा सांगाडा, म्हणजे २ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, ५० मि.मी.च्या चौकोनी पाइपचा, माझ्या हातचा आहे.

त्या सांगाड्याने पहिला धडा लगेच दिला. टाके (पाइप जागेवर धरणारे छोटे तात्पुरते जोड) मारले तेव्हा दोन्ही कर्ण २३३२ मि.मी. भरले होते, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीने सगळे जोड भरत गेलो आणि शेवटी दोन कर्णांत ९ मि.मी.चा फरक पडला. तापलेला धातू निवताना आकसतो आणि जोडाच्या बाजूला पाइप ओढून घेतो, त्यामुळे समोरासमोरचे जोड आलटून पालटून, थोडे थोडे भरायला हवे होते. यात मशीनचा काडीचाही दोष नाही. फळी बसवताना तो फरक झाकला गेला, एवढेच समाधान.

दोष वाटला तो दुसऱ्याच गोष्टीत. ३.१५ मि.मी.चा ६०१३ प्रकारचा रॉड ११० अँपिअरवर लावला की दर तिसरा-चौथा रॉड चिकटत असे. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, धरला तरी मध्येच फडफडून विझत असे. मी प्रवाह १३० पर्यंत वाढवला, तेव्हा ३ मि.मी. जाडीच्या पाइपला भोके पडू लागली. रॉड दमट असतील म्हणून नवा डबा फोडला, तरी फरक पडला नाही. मग मशीन उचलून सेवा केंद्रात नेले. पहिल्या खेपेला ते चार दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत मिळाले. दुसऱ्या खेपेला मी तेथेच उभा राहिलो आणि तेथील कारागिराने माझ्यादेखत, माझ्याच डब्यातील रॉड न अडखळता शेवटपर्यंत जाळून दाखवला. त्याने मला रॉड कलता धरण्याचा उपदेश केला आणि मी मनातल्या मनात त्या केंद्राला लाखोली वाहत परतलो.

परतताना एक गोष्ट डोक्यात राहिली होती: त्याने केबल त्याच्या वापरल्या होत्या. घरी येताच माझा अर्थ क्लॅम्प तपासला. रंगाने तो पितळी. चुंबक लावला तर घट्ट चिकटला, म्हणजे पत्रा लोखंडाचा आणि वर पितळेचा नुसता मुलामा. केबल एकाच जबड्याला जोडलेली, आणि दोन जबड्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, जी चांगल्या क्लॅम्पला असते, ती नव्हतीच. म्हणजे दुसऱ्या जबड्याकडून येणारा प्रवाह बिजागरीच्या खिळ्यातून आणि स्प्रिंगमधून वाट काढणार. स्प्रिंगही इतकी मऊ की जबडा जाड पाइपवर धड बसत नसे.

येथे थोडा हिशेब मांडतो. या क्लॅम्पला आपण अर्थ म्हणतो खरे, पण विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. तो प्रवाहाचा परतीचा रस्ता आहे आणि रॉडमधून गेलेले सगळेच्या सगळे ११० अँपिअर त्यातूनच परत यावे लागतात. त्या सांध्यात अवघा ०.०२ ओहम रोध आला, तरी २.२ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि २४२ वॅट उष्णता निर्माण होते. मशीन स्थिर प्रवाहाचे, म्हणजे ठरवलेला प्रवाह कायम राखणारे असल्याने एवढी तूट ते भरून काढते. मात्र सैल स्पर्श क्षणोक्षणी जुळत आणि सुटत असेल, तर आर्क तुटणारच, आणि आर्क तुटला की शिकाऊ माणूस रॉड पुढे दाबतो आणि चिकटवतो. पाच-सहा रॉड जाळल्यावर माझ्या क्लॅम्पला बोट लावणे अशक्य होई. मशीनमध्ये एवढी इलेक्ट्रॉनिक करामत भरणाऱ्या उत्पादकाने तांब्याच्या वीतभर पट्टीत काटकसर करावी, याचा मला आजही संताप येतो.

मी भरीव पितळेचा, दोन्ही जबडे तांब्याच्या पट्टीने जोडलेला क्लॅम्प घेतला आणि रॉड चिकटणे जवळजवळ थांबले. येथपर्यंतचा मजकूर मी पाचव्या महिन्यात लिहून ठेवला होता. निकाल सरळ होता: मशीन उत्तम, क्लॅम्प टाकाऊ, सेवा केंद्र बेफिकीर. त्यानंतर दोन महिन्यांनी चाक घरघरले आणि त्या निकालात दुरुस्ती करणे भाग पडले.

डाव्या हबमधील बेअरिंगच्या कड्यांवर बारीक काळपट खड्डे ओळीने उमटले होते. उजवे चाकही तेवढेच फिरले होते, त्याला वंगणही त्याच डब्यातले होते. ते उघडले तर कडी आरशासारखी. डाव्या चाकात वेगळे काय घडले होते, हे आठवायला वेळ लागला नाही. सांगाडा रोज संध्याकाळी आत ढकलता यावा म्हणून आस आणि चाके मी आधीच बसवली होती. तो मऊ क्लॅम्प पाइपवर बसेना, म्हणून मी तो डाव्या चाकाच्या बोल्टला अडकवत असे. बोल्ट बारीक, जबडा तेथे छान धरायचा. परिणामी प्रवाह सांगाड्यातून स्प्रिंगच्या पाट्यांच्या बुशांत, तेथून आसेत, आसेतून बेअरिंगच्या रोलरमध्ये आणि मग हबमधून बोल्टपर्यंत येत होता. वंगणाच्या पातळ थरातून ११० अँपिअर जाऊ लागले की रोलर आणि कडी यांच्या स्पर्शबिंदूंवर ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी धातूचा कण वितळवते. रॉड चिकटण्याचे कारणही मग अर्धेअधिक तेच ठरते, कारण परतीच्या वाटेवर गंज, रंग आणि वंगण यांनी भरलेले चार-पाच सांधे मीच घालून ठेवले होते. नवा क्लॅम्प आल्यावर मी तो थेट पाइपवर लावू लागलो, म्हणून सुधारणेचे सगळे श्रेय त्याला मिळाले.

सेवा केंद्राविषयीचे शब्द त्यामुळे मागे घेतो; फक्त ‘क्लॅम्प कोठे लावता?’ एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला असता, तर एक बेअरिंग आणि दोन खेपा वाचल्या असत्या, हे म्हणणे कायम आहे. क्लॅम्पवरील रागही कायम आहे. तो पाइपवर नीट बसला असता, तर मी चाकाच्या बोल्टकडे गेलोच नसतो.

बाकी मशीनने कुरकुर केली नाही. जोराचा वापर फारसा होत नसल्याने ड्यूटी सायकलची (मशीन न थांबता किती वेळ चालवता येते याची) मर्यादा एकदाच गाठली, तीही भर उन्हात. पंखा चालू ठेवून काही मिनिटे थांबल्यावर ते पुन्हा सुरू झाले. जनरेटरवर मात्र २०० अँपिअरचे स्वप्न पाहू नये. ११० अँपिअरला आर्कवरच सुमारे २.७ किलोवॅट लागतात, त्यात मशीनमधील तूट आणि पॉवर फॅक्टर (जनरेटरच्या केव्हीएपैकी किती भाग प्रत्यक्ष किलोवॅट म्हणून वापरात येतो ते प्रमाण) धरला की ५ केव्हीएचा जनरेटर जवळजवळ भरतो. मी त्यापुढे जात नाही.

ट्रेलरवर हा जनरेटर मी आधी आसेच्या मागे ठेवला होता आणि वेग घेताच ट्रेलर शेपूट हलवू लागला. हुकाखाली वजनकाटा ठेवून पाहिले, तर ३८० किलोच्या भरलेल्या ट्रेलरचा भार तेथे २१ किलोच पडत होता. ८५ किलोचा जनरेटर ४० सें.मी. पुढे सरकवला, आस हुकापासून २ मीटरवर असल्याने भार १७ किलोंनी वाढून ३८ झाला, म्हणजे एकूण वजनाच्या एक दशांश. शेपूट थांबली.

आता ट्रेलरच्या मागच्या टोकाला व्हाइसखाली न रंगवलेल्या जाड पोलादाची पट्टी जोडली आहे. व्हाइसमध्ये धरलेल्या कामासाठी क्लॅम्प तेथेच लागतो. ट्रेलरबाहेरचे काम असेल तर तो त्या कामावर, जोडाच्या शक्य तितक्या जवळ, ग्राइंडरने चकचकीत केलेल्या जागी लागतो. जुना क्लॅम्प फेकवला नाही. पावसाळ्यात जनरेटरवरची ताडपत्री बारीक सळईला धरून ठेवण्याचे काम तो करतो, आणि बारीक सळई त्याला पहिल्यापासूनच मानवते.