मटणाची मांडी आणि पोलिसांची पंगत

कोल्हापुरात माझी मटणाची खानावळ आहे. दुपारची पंगत उठली की संध्याकाळच्या फोडणीपर्यंतचा दीड तास माझा, तेवढ्यात वाचते. भाचीने पुण्याहून ब्रिटिश लेखक रोआल्ड डालचं ‘समवन लाइक यू’ आणून दिलं. १९५३चा कथासंग्रह, माझी प्रत जुन्या बाजारातली, पाठ निखळलेली. त्यातल्या ‘लॅम्ब टू द स्लॉटर’ या एकाच गोष्टीबद्दल लिहिते, कारण तिच्यापायी एकदा माझा कांदा करपला.

मेरी मलोनी सहा महिन्यांची पोटुशी, नवरा पोलिसात. संध्याकाळी घरी येतो, एरवीपेक्षा कडक पेग भरतो आणि तिला काहीतरी सांगतो. काय, ते लेखक लिहीतच नाही. चार-पाच मिनिटांत सांगून झालं, म्हणतो. पुढे नवरा ‘पैशाची सोय करीन’ म्हणतो, त्यावरून आपण काय ते ओळखायचं. १९५८ मध्ये रहस्यपटवाल्या आल्फ्रेड हिचकॉकने हीच गोष्ट टीव्हीवर आणली. त्यात नवरा सगळं तोंडाने बोलून दाखवतो. मला ते अळणी लागलं.

ती मुकाट्याने स्वयंपाकाला म्हणून फ्रीझरमधून मेंढराची गोठलेली मांडी काढते. हा पाठमोराच सांगतो, माझं जेवण करू नकोस, बाहेर चाललोय. घातली डोक्यात! म्हणजे खून कोणी केला, कशाने केला, सगळं आपल्याला आधीच ठाऊक. तरी पुढची पानं सोडवत नाहीत. मटणाने माणूस मरतो का, असं भाचीने विचारलं. आमच्या डीप फ्रीझरमधली अडीच किलोची मांडी एकदा हातातून सटकली, तर शहाबादी फरशीची कपची उडाली. अजून दाखवते लोकांना.

खरी करामत त्यापुढे आहे. मांडी ओव्हनमध्ये सरकवून ती आरशासमोर बसते आणि वाण्याशी काय बोलायचं ते घोकते. बटाटे हवेत, वाटाण्याचा एक डबा. पहिल्यांदा आवाज भलताच निघतो, म्हणून पुन्हा म्हणते. दुकानात वाणी विचारतो, नंतर गोड काय? तीही चीजकेक घेते! घरी येऊन नवरा दिसतो तेव्हा मात्र हमसून रडते, आणि ते रडणं खरं असतं. नाटकाची तालीम केली ती वाण्यापुरती. तिला धूर्त बाई केली असती, तर माझ्या लेखी गोष्ट तिथेच फसली असती.

हिशेबही पाहिला. सहाच्या आत ओव्हन लावलाय, नऊच्या सुमाराला मांडी शिजलीय. गोठलेल्या मांडीला तीन तास, जमतं.

मग हत्यार शोधून दमलेले नवऱ्याचेच सोबती तिच्या आग्रहाखातर जेवायला बसतात आणि पुरावा हाडापर्यंत चाटून पुसून खातात. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात, इथे कसाई कोण नि गाय कोण, हे पानापानाला फिरतं. फक्त खाता खाता एकजण म्हणतो की हत्यार आपल्या नाकासमोरच असेल, तिथे लेखकाच्या हातून मीठ जरा जास्त पडलंय. आपल्याला कळलेलं असतं की.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा त्या मिठाचा कापला.

परवा रात्री चौकीतले दोघे जेवायला आले. एकाने नळी ठोकत हाक मारली, “मावशी, आज मटण लई मऊ शिजलंय, काय केलंसा?” मी तोंडाला पदर लावून आत पळाले.