श्रीहरिकोटाची प्रेक्षक गॅलरी: आधी उजेड, मग आवाज

आंध्र प्रदेशातल्या श्रीहरिकोटा येथील इस्रोच्या सतीश धवन अंतराळ केंद्राने 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी खुल्या केलेल्या प्रेक्षक गॅलरीत बसून मी 14 जुलै 2023 रोजी दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी झालेले चांद्रयान-3 चे उड्डाण पाहिले, आणि दूरचित्रवाणीवर पाहिलेली आधीची सगळी उड्डाणे अर्धीच पाहिली होती, असे वाटले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ऑनलाइन नोंदणी आणि ओळखपत्र मात्र लागते. सुल्लुरपेटा स्थानकापासून पुलिकत सरोवर ओलांडून जाणारा रस्ता हाही या सहलीचा भाग मानावा. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो दिसतात, जुलैत अर्थातच नाहीत.

पायऱ्यापायऱ्यांच्या आसनांवरून प्रक्षेपण तळाच्या दिशेने पाहताना आधी झाडांमागे लख्ख उजेड होतो आणि यान निमूटपणे वर सरकू लागते. आवाज मात्र दर किलोमीटरमागे जवळजवळ तीन सेकंद उशिराने येतो, आणि आला की कानांपेक्षा छातीलाच अधिक जाणवतो. ही मधली शांतता पडद्यावर मिळत नाही, त्यामुळे माझ्या मते गॅलरीचे खरे मोल तीच आहे.

निवड करता आली तर एलव्हीएम3 चेच, म्हणजे चांद्रयान-3 ला घेऊन गेलेल्या इस्रोच्या सर्वांत शक्तिशाली रॉकेटचेच, उड्डाण गाठावे. जमिनीवरून निघताना त्याचे फक्त दोन एस200 घन इंधन बूस्टर, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडलेली सहायक रॉकेटे, पेटलेले असतात. प्रत्येकात सुमारे 200 टन इंधन असते, म्हणून ज्वाळा फार तेजस्वी दिसते. मधल्या टप्प्याची द्रव इंधनावर चालणारी दोन ‘विकास’ इंजिने त्यानंतर पावणेदोन-दोन मिनिटांनी, आकाशातच पेटतात. बूस्टरच्या आवरणांचे भाग वालचंदनगरात तयार झालेले आणि विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमधली, हे शेजारच्या तेलुगू कुटुंबाला सांगताना माझा स्वर जरा चढला होता, हे कबूल करतो.

ज्यांना यानाचे बारकावे पाहायचे आहेत त्यांनी दुर्बीण न्यावी, आणि मोबाइलमधून चित्रण करण्याच्या नादी लागू नये. माझ्या चित्रफितीत एक पांढरा ठिपका आणि पुढच्या गृहस्थांची टोपी एवढेच आले आहे. परतीचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. चांद्रयान-2 चे उड्डाण 15 जुलै 2019 रोजी 56 मिनिटे आधी थांबवले गेले होते आणि ते प्रत्यक्षात 22 जुलैला झाले.