नागपूरचं पेल्विक फिजिओ क्लिनिक : "तिथलं" दुखते त्या माणसायसाठी

4 स्टार देऊन राह्यलो. एक काऊन कापला ते पुढं सांगतो, पहिले हे पेल्विक फिजिओ क्लिनिक, म्हणजे ओटीपोटाखालच्या स्नायूंवर व्यायामानं इलाज करणारं, कोणाच्या कामाचं ते पाहा. ज्याले अंडकोषात, लिंगाच्या टोकाले नाहीतर अंडकोष अन् शौचाच्या जागेच्या मधात महिनोन्महिने दुखते, बसलं का वाढते, सोनोग्राफी नॉर्मल, लघवी नॉर्मल, अन् डॉक्टर म्हणते तुमाले काही झालंच नाही, त्यानं इथं जा.

याले क्रॉनिक पेल्विक पेन सिंड्रोम म्हणतेत, मागच्या 6 महिन्यांतले कमीत कमी 3 महिने दुखलं का त्यात धरतेत. लोकं अजून प्रोस्टेटायटिसच (प्रोस्टेट ग्रंथीची सूज) म्हणतेत अन् घोळ तिथंच होते, नाव ऐकलं का इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू. खरं म्हणजे अशा 10 पैकी 9 जणांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत. आमच्या तालुक्यात मले कोर्सवर कोर्स दिले, पण लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते पाहायची तपासणी) करा असं कोणी म्हटलं नाही. गावातले सल्ले तर वेगळेच, धातू जाते, लहानपणीच्या सवयीनं झालं, अमुक वैद्याची पुडी घे. अशा "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" वाल्या जाहिरातीवर 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी एसटी स्टँडच्या भिंती रंगलेल्याच.

आता क्लिनिकचं. फिजिओ माणूस आहे, बाई नाही, त्याच्यानं लाज अर्धी कमी होते. पहिल्या दिवशी व्यायाम बियाम काही नाही, नुसते प्रश्न. कुठं दुखते हे सगळेच विचारतेत, यानं विचारलं का संबंधानंतर दुखते का, ताठरता टिकते का, मनच होत नाही का, बायकोले सांगतलं का. मी खाली पाहून बसलो, पण सांगतलं सगळं. वीर्य पडलं का नंतर जळजळ राहे, म्हणून मी जवळ जाणंच टाळे, मग कधी गेलो तर दुखायची धास्ती आधीच डोक्यात, अन् धास्ती असली का शरीर साथ देत नाही, अन् तिकडं बायकोले वाटे याचं बाहेर काही आहे नाहीतर मीच आवडेनाशी झाली. झोप नाही, चिडचिड, लेकराईवर विनाकारण ओरडणं. हे सगळं एकाच दुखण्याचं आहे हे मले पहिल्यांदा कोणी समजून सांगतलं.

तपासणी सोपी नाही, ऐकून ठेवा. आधी परवानगी विचारते, मग ग्लोव्ह घालून शौचाच्या जागेतून आतले स्नायू बोटानं दाबून पाहते. एका ठिकाणी दाबलं अन् माझं नेहमीचंच दुखणं जसंच्या तसं उमटलं. तो म्हणाला ओटीपोटाखालचे हे स्नायू वळलेल्या मुठीसारखे आखडून बसले, सैल करा लागतील. यूट्यूबवर पाहून केगल करू नका म्हणे, ते आवळायचे व्यायाम आहेत, आखडलेल्याले अजून आखडवतेत. त्याच्या ऐवजी पोटात श्वास घेणं, उकिडवं बसून खालचं अंग सैल सोडणं, कोमट पाण्याच्या टबात बसणं. ट्रॅक्टरवर सलग बसायचं नाही, मधातमधात उतरायचं, आता सोयाबीनच्या पेरणीत हे कसं जमणार तो वेगळा विषय.

एक फॉर्म भरून घेतेत, दुखणं, लघवी अन् रोजच्या जगण्यावर प्रश्न, 43 पैकी मार्क पडतेत, 6 नं कमी झाले तरी फरक पडला असं धरतेत. माझे त्याच्याहून जास्त उतरले. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, लांब बसलो का अजून उठते, पण घरातली धास्ती बरीच गेली.

आता तक्रार. ज्या रोग्याले बसताच येत नाही त्याच्यासाठी वेटिंगले लोखंडी खुर्च्या! अन् काउंटरवरची पोरगी सगळ्यायसमोर मोठ्यानं विचारते "काका काय त्रास आहे?", काय सांगा माणसानं? फॉर्म इंग्रजीतच, शेजारच्या पोराले वाचून दाखव म्हणायची सोय नाही असे प्रश्न त्यात. फी गावच्या माणसाले जड जाते, वरून नागपूरचं जाणं-येणं अन् दिवसाची मजुरी बुडते.

आधी यूरोलॉजिस्टले (लघवीच्या आजारांचा डॉक्टर) दाखवूनच इथं या, हे लोकं सोताच रिपोर्ट मागतेत, मले ते आवडलं. मुतखडा, हर्निया, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं) यानंही तिथं दुखते. अन् अचानक एका बाजूले जोरात दुखलं, सुजलं, उलटी झाली तर फिजिओ नाही अन् सकाळची वाटही नाही, अंडकोषाले पीळ पडला असू शकते, साधारण 6 तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचा. पोराईले हे जास्त होते.

अपॉइंटमेंट फोनवरच घ्या, त्रास तिथंच सांगून टाका म्हणजे काउंटरवर बोला लागत नाही. बायकोले एकदा सोबत न्या, तिच्याशी वेगळं बोलतेत अन् त्याचे पैसे वेगळे घेत नाहीत.